दोन ते चारचं ऊन

किलव्हार्ना,
सोमवार, ३ एप्रिल २०२३

प्रिय लॉर्कन,

नाताळाला तुझं कार्ड आलं होतं. उत्तर लिहायला एप्रिल उजाडला, हा माझा आळस समज. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? इथे वारा थांबायचं नाव घेत नाही. शनिवारी वाळत घातलेली चादर भिंतीवरून उडून थेट मैदानाच्या मधल्या वर्तुळात जाऊन पडली. आपल्या गोलकीपरने ती नीट घडी घालून आणून दिली. माणूस फार चांगला आहे, फक्त चेंडू अडवत नाही.

आई बरी आहे. मार्चमध्ये एकोणनव्वद पूर्ण केली. केक खाल्ला आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मी म्हटलं, इथलीच. दुपारी जरा ठीक असते.

आता क्लबची बातमी. टॅनर्स पार्कला नवा स्टँड बांधायची परवानगी २४ मार्चला आली. बाराशे खुर्च्या, वर छप्पर, उंची अकरा मीटर. जागा आपल्या परसाच्या भिंतीला लागूनच, जिथे बाबांची गवत कापायच्या यंत्राची पत्र्याची शेड आहे तिथे. लीगने बजावलंय की छपराखाली हजार खुर्च्या दिसल्या नाहीत तर पुढच्या वर्षी खेळायचा परवाना नाही. सरकारी अनुदान मंजूर आहे, पण ३१ मेपर्यंत पक्की परवानगी हातात नसेल तर ते दुसऱ्या क्लबला जाईल. म्हणजे शंभर वर्षांचा क्लब एका तारखेवर टांगलेला आहे.

परवानगीसाठी तीन अर्ज झाले. सेक्रेटरी मी, म्हणजे अर्ज मीच केले. पहिला नाल्याच्या पाण्यावरून फेटाळला. दुसरा माझ्या चुकीने गेला. फाटकावर नोटीस लावावी लागते, आणि सहा महिन्यांच्या आत त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज केला तर ती पिवळ्या कागदावर लावायची असते. मी पांढऱ्यावर लावली. कौन्सिलचा माणूस आला, फाटकापाशी अर्धा मिनिट उभा राहिला आणि गाडीत जाऊन बसला. अर्ज बाद, दोन महिने पाण्यात. मॅलकी आता अध्यक्ष आहे, तुझा जुना कॅप्टन. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही.

तिसऱ्या अर्जावर फक्त एक हरकत आली. इथे वीस युरो भरून, नाव-पत्ता देऊन कुणीही हरकत घालू शकतं, आणि ती फाइलमध्ये सगळ्या जगाला वाचता येते. त्या हरकतीवर तुझं नाव आहे. पत्ता आपल्या घराचा.

कौन्सिलने हरकत बाजूला ठेवून परवानगी दिली, पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्याने हरकत घातली त्याला चार आठवड्यांत वरच्या मंडळाकडे अपील करता येतं. फक्त त्यालाच, दुसऱ्या कुणाला नाही. अपील झालं की निकालाला पाच-सहा महिने, म्हणजे अनुदान गेलंच. शेवटचा दिवस गुरुवार, २० एप्रिल, संध्याकाळी साडेपाच.

गावाने विश्वास ठेवायला एक मिनिट घेतलं नाही. सत्तावीस वर्षं झाली, तरी तू आपला क्लब सोडून ड्रमकॉलरच्या जर्सीत आमच्याच मैदानावर मॅलकीची पेनल्टी अडवलीस आणि आम्हाला खालच्या डिव्हिजनला पाठवलंस, हे इथे काल घडल्यासारखं सांगतात. खाटकाच्या दुकानात मी उभी असताना एकजण म्हणाला, "तेव्हा अर्धं काम केलं होतं, आता उरलेलं करतोय." मी मटण घेतलं आणि घरी आले.

मॅलकी इस्टरला मुलीकडे मँचेस्टरला येतोय, नातीचा बाप्तिस्मा आहे. तिथून तुझ्याकडे येणार. पत्ता त्याने माझ्याकडूनच घेतला, नाही कशी म्हणणार? तो भांडायला येत नाहीये, हात जोडायला येतोय, आणि ते जास्त वाईट. तो काहीही म्हणाला तरी तू होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. मी पुन्हा लिहीन तोवर थांब.

गुडघ्याला जप.

तुझी ताई,
डर्व्हला

ता.क. कौन्सिलच्या संकेतस्थळावर ती फाइल शोधत बसू नकोस. डोक्याला ताप नुसता.


किलव्हार्ना,
बुधवार, ५ एप्रिल

लॉर्कन,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. त्यात मी खोटं काही लिहिलेलं नाही, पण खरंही लिहिलेलं नाही. आज क्षेमकुशल विचारत नाही, नाहीतर पुन्हा वाऱ्यावर आणि चादरीवर घसरेन.

हरकत मी घातली. तुझ्या नावाने, तुझी सही करून. तुझ्या कार्डांवरची सही समोर ठेवून तीनदा गिरवली. चौथी चांगली जमली.

पांढरा कागदही चूक नव्हती. पिवळे कागद माझ्या खणात होते, मॅलकीनेच आणून दिले होते. मी पांढरा काढला, चार पिना मारल्या आणि वेळेवर चर्चलाही पोचले. एकवीस वर्षांत माझ्या हातून एक तारीख चुकलेली नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. कमिटीत दोघेजण माझ्यावर घसरले तेव्हा मॅलकीच उभा राहिला. म्हणाला, तीही माणूसच आहे, चुकणार. मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं मला लाज वाटतेय. वाटतच होती, फक्त कारण दुसरं होतं.

आता का, ते सांगते. तू ते विचारायच्या आधीच सांगते, कारण तू विचारलंस तर मला चिडायला होईल.

आईची खुर्ची मागच्या खिडकीत असते. दुपारी दोन वाजता ऊन बाबांच्या शेडवरून खाली येतं आणि मैदानावर पडतं, मग खिडकीतून आईच्या मांडीवर. चार वाजता जातं. ढग असला तरी उजेड असतोच. त्या दोन तासांत ती गवताकडे बघते. "आज तुझ्या बाबांनी उत्तरेकडचा कोपरा कापायचा सोडला बघ," असं म्हणते. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली हे मी तिला सांगत नाही. पण त्या दोन तासांत ती मला डर्व्हला म्हणते. माझा चहा कडक असतो म्हणून कुरकुर करते. एकदा म्हणाली, तू लग्न करायला हवं होतंस, तो टपालवाला काही वाईट नव्हता. लॉर्कन, मी इतकी हसले!

चार वाजले की मी पुन्हा कुणीतरी बाई होते. अंधार झाला की ती घाबरते, दार उघडायला जाते, माझा हात झिडकारते. डॉक्टर म्हणतात, उजेड आणि ओळखीचं दृश्य यांचा काहीतरी संबंध असतो, नेमकं सांगता येत नाही. मला नेमकं सांगता येतं. अकरा मीटरची भिंत उभी राहिली की माझ्या आईला मुलगी उरणार नाही.

हे मी कमिटीत का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. कारण नकाशा माझ्या हातात होता आणि मी पहिल्या दिवशी गप्प बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मॅलकीने बाबांची शवपेटी खांद्यावर घेतली होती, आणि तो स्टँडला बाबांचं नाव द्यायचं म्हणत होता. त्यानंतर कोणत्या तोंडाने बोलू? मग एकेक दिवस गेला, आणि बोलायची वेळ गेली ती गेलीच.

तुझं नाव का घेतलं, ते सगळ्यात वाईट आहे. माझं नाव घातलं असतं तर सेक्रेटरीपद गेलं असतं, तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुझं नाव इथे आधीच इतकं खराब आहे की आणखी एका डागाने काय फरक पडतो, असं मी मनाशी म्हटलं. आपल्या भावाबद्दल असं म्हटलं.

अपिलाचा फॉर्म भरून खणात ठेवलाय. हरकतीची पोच जोडली आहे. फक्त सही बाकी आहे, तुझी. दोन दिवस पेन हातात घेते आणि ठेवते. कायदा मला ओळखतच नाही, तुलाच ओळखतो. माझं नाव त्या फाइलमध्ये फक्त अर्ज करणारी म्हणून आहे.

मॅलकी शनिवारी निघतोय. तो पोचायच्या आत हे पत्र तुला मिळायलाच हवं. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि इतक्या वर्षांत मागितलाही नाही.

त्याला खरं सांगितलंस तरी मी तुला दोष देणार नाही.

डर्व्हला


किलव्हार्ना,
शुक्रवार, २१ एप्रिल

प्रिय लॉर्कन,

सगळी कामं तारखा लावून करणारी मी, आणि गुड फ्रायडेपासून इस्टर सोमवारपर्यंत तुमच्याकडे टपाल वाटत नाहीत हे विसरले. माझं पहिलं पत्र तुला मिळालं होतं, दुसरं मॅलकी परतीच्या वाटेला लागल्यावर मिळालं. घरी फोन करून तू सगळं सांगितलंस, पण मी रडत होते, अर्धं ऐकू आलं नाही. नंतर मॅलकीकडून पुन्हा ऐकलं.

तो म्हणाला, तू दार उघडलंस आणि आधी चहा टाकलास. त्याने हरकतीची प्रत पुढे ठेवली. तू ती दोनदा वाचलीस. त्यात मी लिहिलं होतं, 'दोन ते चार या वेळेत माझ्या आईला माणसं ओळखू येतात.' ते वाक्य तिथे बसणाऱ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही, हे तुला कळलं. मॅलकीला कळलं नाही. तू कागद घडी घातलास आणि म्हणालास, "हो, मीच लिहिलं. ताई कळवते मला." मग त्याला विचारलंस, "त्या खुर्चीवर तुमच्यापैकी कुणी कधी बसलंय का?"

म्हणजे मी तुला काही बोलू नकोस म्हटलं, आणि तू नेमकं उलट केलंस. लहानपणापासून तेच.

मॅलकी परत आला आणि गुरुवारी, तेरा तारखेला, आपल्या घरी आला. टोपी हातात धरून म्हणाला, बसू का तिथे? मी आईला शेजारच्या खुर्चीत सरकवलं. तो दोन वाजल्यापासून बसून राहिला, मी स्वयंपाकघरात उगाच बटाटे सोलत बसले. तीनच्या सुमारास आईने त्याच्याकडे वळून बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "मॅलकी, ती पेनल्टी तू डावीकडे मारायला हवी होतीस. आमचा लॉर्कन आधी उजवीकडे झुकतो, हे सगळ्यांना माहीत होतं."

तो म्हणाला, "मला नव्हतं माहीत, काकू."

"मग विचारायचं होतंस," आई म्हणाली.

तो हसला, आणि मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला. जाताना दारात म्हणाला, "तुझ्या भावाचं चुकलं नाही, डर्व्हला. पण क्लब जाईल." आणि मला मिठी मारली. मला! त्याच्या कोटाला इस्टरच्या केकचा वास येत होता. मी तेव्हाही बोलले नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात; माझ्या मनात त्या संध्याकाळी लख्ख दुपार होती.

मग तुझा दुसरा फोन आला, रविवारी. "ताई, फॉर्म पाठव. मी खरोखर सही करतो. मग काही खोटं उरणार नाही. माझं नाव तिथे तसंही कुणाला नकोय." तू हे किती सहज म्हणालास!

तेव्हापासून चार दिवस मी झोपले नाही. तू सही केली असतीस तर खिडकी वाचली असती, आईची मी वाचले असते. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. क्लब गेला असता, आणि ते गावाने तुझ्या नावावर लिहिलं असतं, तू जिवंत असेपर्यंत आणि नंतरही. आईला तू कधी भेटायला आलास तर फाटकातून आत यायचं तुला कसं जमलं असतं? आणि मी त्या खिडकीत बसून बंद पडलेलं मैदान बघितलं असतं. गवत वाढलेलं. बाबांचं मैदान. आईला त्या गवतात कोण दिसलं असतं?

बुधवारी सकाळी मी मैदानावर गेले. मॅलकी फाटकावरची पिवळी नोटीस काढत होता, चाकूने पिना उचकटत. मी म्हटलं, हरकत माझी होती. लॉर्कनला काही ठाऊक नव्हतं, सही मी केली.

त्याने चाकू मिटला. रस्त्याकडे बघत उभा राहिला.

"पांढरा कागद?" त्याने विचारलं.

"तोही."

"मी भांडलो होतो तुझ्यासाठी."

"माहीत आहे मला."

त्याने सुटलेल्या पिना मुठीत धरल्या. मग म्हणाला, "तुझा भाऊ माझ्या तोंडावर 'मीच लिहिलं' म्हणाला. मी त्याला घरातच बसून नको नको ते ऐकवलं, आणि त्याने ऐकून घेतलं. चहा दुसऱ्यांदा भरला." त्याचा आवाज चढला नाही. "उद्या साडेपाचला त्याची सही आली तर?"

"येणार नाही. फॉर्म मी पाठवलाच नाही. शेगडीत घातला."

"कमिटीला तू सांगायचंस. तू स्वतः. माझ्याकडून नाही जाणार ते." एवढं म्हणून तो पिना खिशात टाकून गेला. पिवळा कागद मात्र माझ्या हातात देऊन गेला.

काल साडेपाच वाजता मी आईजवळ बसले होते. घड्याळाचा काटा पुढे गेला. ऊन केव्हाच गेलेलं होतं, ती मला बाई म्हणत होती. मी तिचा हात धरला तर तिने काढून घेतला. मी म्हटलं, बाई तर बाई, सूप घ्या.

सात वाजता कमिटीपुढे उभी राहिले. सगळं सांगितलं, कागदावर लिहून नेलं होतं पण वाचलं नाही. एकवीस वर्षांत माझ्या इतिवृत्तावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. काल कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. राजीनामा दिला, त्यांनी घेतला. खाटकाच्या दुकानातला तो माणूसही कमिटीत आहे. तो म्हणाला, "म्हणजे लॉर्कनने काहीच केलं नव्हतं?" मी म्हटलं, "काहीच नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी एक पेनल्टी अडवली. ते त्याचं काम होतं." कुणीतरी खोकलं.

मी निघताना मॅलकीने ठराव मांडला. स्टँड होणारच, नकाशा बदलला तर पुन्हा अर्ज आला. पण काम रस्त्याकडच्या टोकापासून सुरू करायचं आणि आपल्या घराकडचा भाग सगळ्यात शेवटी. तेवढं अध्यक्षाच्या हातात असतं. त्याने माझ्याकडे न बघता ते मांडलं, आणि मंजूर झालं. इंजिनियरच्या हिशेबाने आपल्या खिडकीसमोर लोखंड उभं राहायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडेल. त्याने मला माफ केलंय असं समजू नकोस. मीही समजत नाही.

अजून एक गोष्ट राहिली आहे आणि ती सत्तावीस वर्षं राहिली आहे. तू ती पेनल्टी अडवलीस त्या दुपारी मी घरी होते. बाबा मैदानावर निशाणाच्या काठीपाशी उभे होते, त्यांनी पाठ फिरवली, ते तू पाहिलंस. तुला जे दिसलं नाही ते मी पाहिलं. आई या खिडकीत उभी होती आणि तिने टाळ्या वाजवल्या. मोठ्याने, दोन्ही हात वर करून, आपला क्लब बुडत असताना. रात्री बाबांनी आम्हाला बजावलं, हे त्याला सांगायचं नाही. आईने ऐकलं. मीही ऐकलं. बाबा गेल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर तू अंत्यविधीला आला नाहीस म्हणून मी रागावले होते. आणि तुला बोलावणारं पत्र मी उशिरा टाकलं होतं, ते मी स्वतःशीही कबूल करत नव्हते.

आता तू ये. उन्हाळ्यात ये, दिवस लांब असताना. दोन वाजायच्या आत पोच आणि समोरच्या दाराने येऊ नकोस. मैदानावरून ये, गोलच्या बाजूने, बाबांच्या शेडकडून. तिथून चालत आलास तर ती तुला ओळखेल. हातमोजे घालून यायची गरज नाही, पण आणलेस तर हरकत नाही.

मैदानाच्या फाटकातून येताना कुणी काही बोलणार नाही. कुणी बोललंच, तर आता ते माझ्याबद्दल असेल.

वाट पाहणारी, आणि या वेळी सही स्वतःचीच करणारी,

डर्व्हला